खोल पोटाची वाघीण

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात डिडकॉट नावाचे रेल्वे जंक्शन आहे. तिथल्या जुन्या इंजिनशेडच्या आवारात ग्रेट वेस्टर्न रेल्वेची इंजिने आणि डबे जपून ठेवले आहेत. बहुतेक लोक येतात ते हिरव्या रंगाची, तांब्या-पितळेने लखलखणारी वाफेची इंजिने बघायला. त्याच संग्रहात एक वाघीण, म्हणजे मालगाडीची वॅगन, आहे, क्रमांक ४१९३४, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेली. तिला छप्पर नाही, भिंती नाहीत. दोन टोकांना चाकांच्या चौकटी, आणि त्यांच्या मधला सगळा सांगाडा खाली, जवळजवळ रुळांपर्यंत उतरलेला. हिचे नाव ‘क्रोकोडाइल एफ’. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशही या जातीच्या वाघिणींवर लिहिले गेलेले नाही, आणि मला हा मोठा अन्याय वाटतो. कारखान्यात किती मोठी वस्तू बनवायची, याचा निर्णय अनेकदा अशाच वाघिणींच्या जोरावर झाला आहे.

आधी अडचण कुठे होती ते पाहू. रेल्वेच्या वाटेवर पूल, बोगदे, फलाटांच्या कडा, सिग्नलचे खांब असतात. या सगळ्यांतून अंग न घासता जाईल अशी एक ठरावीक चौकट असते. तिच्या आत गाडी आणि माल मावलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये प्रत्येक मालधक्क्याच्या तोंडाशी रुळांवर एक वाकवलेली लोखंडी पट्टी टांगलेली असे. भरलेली वाघीण तिच्याखालून ढकलायची; माल पट्टीला लागला की वाघीण बाहेर काढायची नाही. या चौकटीला लोडिंग गेज म्हणतात. दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज हे आपल्याला ठाऊक असते, पण मोठ्या मालाची गाठ पडते ती या दुसऱ्या गेजशी.

ब्रिटनने जगात सर्वांत आधी रेल्वे बांधली, आणि सर्वांत आधी बांधण्याची किंमतही मोजली. १८३०-४० च्या दशकांत बोगदे खोदणाऱ्यांसमोर छोटी इंजिने आणि घोडागाडीच्या मापाचे डबे होते. त्यांनी त्यांना पुरेसे बोगदे खोदले. पुढे पन्नास वर्षांत जहाजांचे बॉयलर, कारखान्यांची यंत्रे, तोफा सगळे फुगत गेले. बोगदे मात्र होते तसेच राहिले. ब्रिटनमधल्या बहुतेक मार्गांवर वाघिणीची रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास आणि उंची चार मीटरच्या आत ठेवावी लागे. युरोप खंडात नंतर जे समान माप ठरले, त्यात रुंदी ३.१५ मीटर आणि उंची ४.२८ मीटर. कागदावर फरक थोडा दिसतो, पण मोठ्या बॉयलरच्या बाबतीत तो ‘जाईल’ आणि ‘जाणार नाही’ इतका असतो.

ग्रेट वेस्टर्नची स्थिती इतरांपेक्षा थोडी बरी होती. तिचा अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल याने रूळच सुमारे २.१४ मीटर अंतरावर टाकले होते. १८९२ च्या मे महिन्यात ते रुंद गेज कायमचे गेले आणि ग्रेट वेस्टर्न बाकीच्या देशासारखी १,४३५ मिलिमीटरवर आली. पण रूळ जवळ आणता येतात, बोगदे अरुंद होत नाहीत! ब्रुनेलचे ऐसपैस पूल आणि बोगदे मागे राहिले, आणि ब्रिटनच्या मोठ्या कंपन्यांमध्ये सर्वांत मोकळे लोडिंग गेज या कंपनीच्या वाट्याला आले. अवजड मालाच्या वाहतुकीत तिला त्याचा उपयोग झाला.

दुसरी अडचण वजनाची. रूळ आणि पूल एका आसावर ठरावीक भारच सोसतात. वाघीण आणि माल मिळून शंभर टन भरले आणि आस चार असले, तर प्रत्येकावर पंचवीस टन येतात; त्या काळच्या पुष्कळ पुलांना ते झेपले नसते. आस आठ केले की साडेबारा टन. म्हणजे उपाय सोपा वाटतो: चाके वाढवा. पण चाके वाढली की वाघीण लांबते, आणि लांब वाघीण वळणावर सरळच राहते. रूळ वाकतात, तिचे पोट वाकत नाही. ते वळणाच्या आतल्या बाजूला सरकते. हा सरकणारा भाग मोजायचा साधा हिशेब आहे: वाघीण चाकांवर टेकते त्या दोन टेकूंमधल्या अंतराचा वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. टेकू बारा मीटरवर आणि वळण दोनशे मीटर त्रिज्येचे असेल तर मधला भाग नऊ सेंटिमीटर आत सरकतो. टेकू चोवीस मीटरवर नेले तर छत्तीस सेंटिमीटर. लांबी दुप्पट, घुसखोरी चौपट. तेवढ्या प्रमाणात माल अरुंद हवा, नाहीतर वळणावरच्या फलाटाला तो घासणार.

उंची, रुंदी, वजन, लांबी या चारही बाजूंनी कोंडी झालेल्या अभियंत्याने शोधलेला मार्ग म्हणजे खोल पोटाची वाघीण. साध्या वाघिणीचा तळ रुळांपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच असतो, कारण खाली चाके असतात. चाके दोन्ही टोकांना गोळा केली तर मधला तळ खाली उतरवता येतो, आणि उतरवलेला प्रत्येक सेंटिमीटर मालाच्या उंचीला मिळतो. टोकाच्या चाकांच्या चौकटीला रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणतात. आपण बोलताना प्रवासी डब्याला बोगी म्हणतो, ती ही नव्हे. ही बोगी मधल्या खिळीवर फिरते, म्हणून लांब वाघीणही वळण घेऊ शकते. सगळे कठीण काम येते ते उताराच्या जागी, जिथे वरची तुळई खाली वळते. मालाचे सगळे वजन त्या वळशातून बोगीकडे जाते. म्हणून या वाघिणींच्या बाजूच्या तुळया इतक्या जाड दिसतात. रिकामी वाघीणसुद्धा जड असते, आणि तिचे स्वतःचे वजनही त्या आसांच्या हिशेबातूनच वजा होते.

ग्रेट वेस्टर्नने आपल्या वाघिणींना तारायंत्रासाठी सांकेतिक नावे दिली होती. ‘अमुक टनांची, दोन बोगींची, खोल तळाची वाघीण पाठवा’ असे तारेत लिहिण्यापेक्षा ‘क्रोकोडाइल’ पुरत असे. ब्रेकव्हॅन म्हणजे ‘टोड’, बंद मालडबा म्हणजे ‘मिंक’, दुधाचा डबा ‘सायफन’, मासळीचा ‘ब्लोटर’, यंत्रे नेणारी छोटी खोलगट वाघीण ‘लोरिओट’. पुढचे अक्षर उपप्रकार सांगे. दूरच्या स्टेशनातल्या मालबाबूला तारेतल्या एका शब्दावरून कळे की येणाऱ्या वाघिणीत काय मावेल आणि काय नाही.

या वाघिणींचे वेळापत्रक नसे. एखादा कारखाना महिनोन्‌महिने खपून बॉयलर तयार करी, त्याचे माप कंपनीकडे जाई, आणि मग रेल्वेचे लोक नकाशे काढून बसत. कोणत्या मार्गाने जायचे, कोणता पूल टाळायचा, कुठे शेजारच्या रुळावरची गाडी थांबवायची, कुठला सिग्नलचा खांब तात्पुरता काढून ठेवायचा, सगळे आधी ठरे. अशा फेऱ्यांसाठी रविवार सोयीचा, कारण गाड्या कमी. सोबत एक निरीक्षक असे. अवघड जागी तो गाडी थांबवून खाली उतरे आणि माल व भिंत यांमधले अंतर डोळ्यांनी पाहून मगच पुढे जायचा इशारा देई. आपल्याकडे रेल्वेतली माणसे अशा मालाला ओडीसी म्हणतात, म्हणजे ठरल्या मापाबाहेरचा माल. त्याची परवानगी, त्याचा ठरवून दिलेला वेग आणि सोबतचा कर्मचारी ही पद्धत आजही चालू आहे.

ब्रिटनमध्ये बनलेली भारतासाठीची इंजिने हाही असाच मापाबाहेरचा माल होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे मुंबई-ठाणे मार्गाची, पहिली इंजिने लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. आपले गेज १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे भारतासाठी बांधलेले ब्रॉडगेज इंजिन कारखान्याच्या दारातून स्वतःच्या चाकांवर ब्रिटनच्या रुळांवर येऊच शकत नव्हते. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने यावर रस्त्याचा उपाय काढला होता. स्प्रिंगबर्न भागातल्या कारखान्यातून इंजिने शहराच्या रस्त्यांवरून ओढत क्लाइड नदीच्या काठी फिनिस्टनच्या प्रचंड क्रेनपाशी नेत आणि तिथून जहाजावर चढवत. १७५ टन उचलणारी ती क्रेन अजून उभी आहे. ज्या देशाने जगाला रेल्वे दिली, त्याच देशातून रेल्वेइंजिन परदेशी पाठवायला रस्ता वापरावा लागे.

पण खोल पोटाच्या वाघिणीची खरी परीक्षा रणगाड्याने घेतली. १९१६ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या फॉस्टर कंपनीत पहिले रणगाडे गुप्तपणे तयार झाले. पहिल्या महायुद्धाची आघाडी होती फ्रान्समध्ये. रणगाडा ताशी सहा किलोमीटरच्या वर जात नसे आणि त्याचे पट्टे लवकर झिजत. तेव्हा रणांगणापर्यंत त्याला रेल्वेनेच जायला हवे होते. ‘मार्क वन’ रणगाड्याचे वजन सुमारे २८ टन. ते झेपण्यासारखे होते, झेपत नव्हती ती रुंदी. त्याच्या दोन्ही बाजूंना तोफांचे कक्ष फुगलेले होते आणि ते धरून रुंदी चार मीटरच्या वर जाई. म्हणून रेल्वेवर चढवण्यापूर्वी दोन्ही कक्षांचे बोल्ट सोडवायचे, कक्ष वेगळ्या गाड्यांवर ठेवायचे आणि उतरल्यावर पुन्हा जोडायचे. प्रत्येक कक्ष टनाहून जड, काम चिखलात, आणि बरेचदा रात्री. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्लेर्सच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले, तेव्हा त्यांच्या दलाने हा सगळा त्रास आधीच भोगलेला होता.

१९१७ च्या ‘मार्क फोर’ रणगाड्यात हे कक्ष लहान केले आणि आत ढकलता येतील असे बसवले. इतिहासात या सुधारणेची नोंद चिलखताच्या जाडीमागे कुठेतरी येते. माझ्या मते तिचे मोल मोठे आहे. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कांब्रेच्या लढाईसाठी ४७६ रणगाडे आघाडीजवळ गोळा झाले. ते आणले रेल्वेने, अंधारात, शत्रूला सुगावा न लागू देता. कक्ष सोडवत आणि जोडत बसावे लागले असते, तर एवढी जमवाजमव गुपचूप करणे फार कठीण गेले असते.

याच काळात रणगाड्यांसाठी ‘रेकटँक’ नावाच्या खास वाघिणी ब्रिटनमध्ये बांधल्या गेल्या. यांच्या टोकांना स्क्रू-जॅक बसवलेले असत. त्याचे कारण असे: रणगाडा धक्क्यावरून वाघिणीच्या टोकाशी चढतो, तेव्हा त्याचे सगळे वजन बोगीच्या बाहेर लटकणाऱ्या भागावर येते आणि वाघिणीचे दुसरे टोक उचलले जाण्याची भीती असते. म्हणून आधी जॅक खाली घेऊन रुळांवर टेकवायचे, मग रणगाडा चढवायचा. एकामागे एक वाघिणी जोडलेल्या असल्या तर रणगाडा त्यांच्यावरून चालत शेवटपर्यंत जाई. फेब्रुवारी १९१८ पासून केंट परगण्यातल्या रिचबरो बंदरातून रेल्वे वाहून नेणाऱ्या जहाजांची ने-आण सुरू झाली. भरलेली वाघीण रुळांवरून थेट जहाजात आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर पुन्हा रुळांवर. युद्ध संपल्यावर ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांनी यातल्या बऱ्याच वाघिणी घेतल्या आणि यंत्रे वाहायला वापरल्या. त्यातल्या काही आजही वारसा रेल्वेमार्गांवर जपलेल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात हीच कोंडी पुन्हा आली, पण यावेळी रणगाड्याच्या जन्माआधीच. दोन युद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश सेनेची अट होती की रणगाडा रेल्वेच्या चौकटीत मावला पाहिजे. रुंदी बांधली गेली की वरच्या फिरत्या बुरुजाचे कडे लहान होते, आणि कडे लहान म्हणजे आत मोठी तोफ बसत नाही. मॅटिल्डा रणगाड्याची रुंदी २.५९ मीटर. त्याचे चिलखत उत्तम होते, पण शत्रूचे चिलखत जाड होत गेले तेव्हा त्याच्या बुरुजात सहा पौंडी तोफ बसवता आली नाही. चर्चिल रणगाड्याच्या बाजूंची हवा घेणारी खोकी रेल्वेप्रवासासाठी काढता येतील अशी केली होती. ज्या बोगद्यांचे माप शंभर वर्षांपूर्वी ठरले, त्यांनी लिबियाच्या वाळवंटातल्या तोफेचे माप ठरवले. सगळे खापर बोगद्यांवर फोडणे बरोबर नाही, अमेरिकेचा शर्मन तेवढाच अरुंद असून त्यात मोठी तोफ होती. रचनेतले कौशल्यही कमी पडले. तरी अट नसती तर आखणी मोकळी झाली असती, यात शंका नाही. शर्मनची अडचण उलटी होती. तो उंच होता, पावणेतीन मीटर. त्याच्यासारख्या उंच रणगाड्यांसाठी ५० टन वाहणारी ‘वॉरवेल’ नावाची खोल पोटाची वाघीण बांधली गेली. त्या वाघिणी इतक्या मजबूत निघाल्या की १९७० च्या दशकात त्यातल्या काहींना नव्या बोगी आणि हवेचे ब्रेक बसवून ब्रिटिश सैन्याने पुन्हा वापरात ठेवले.

जर्मनीने वेगळी वाट काढली. त्यांचा टायगर रणगाडा ५७ टनांचा आणि युरोपच्या मोठ्या चौकटीतही न मावणारा. त्याला दोन प्रकारचे पट्टे दिले: लढाईचे सुमारे ७२ सेंटिमीटर रुंद आणि प्रवासाचे ५२ सेंटिमीटर रुंद. गाडीवर चढण्यापूर्वी रुंद पट्टे आणि बाहेरची चाके काढायची, अरुंद पट्टे चढवायचे. उतरल्यावर हेच उलट. वाहायला ‘एसएसवायएमएस’ नावाची सहा आसांची वाघीण, तीन-तीन आसांच्या दोन बोगींवर. तिचा तळ खोल नव्हता, कारण इथे प्रश्न उंचीचा नसून वजनाचा आणि रुंदीचा होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झाले. तिथे मॅटिल्डा आहे, चर्चिल आहे आणि सेंच्युरियनही आहे. सेंच्युरियनची आखणी करताना ब्रिटिशांनी रेल्वेच्या रुंदीची जुनी अट सैल केली. त्याची रुंदी ३.३८ मीटर, मॅटिल्डापेक्षा तब्बल ७९ सेंटिमीटर जास्त. दोन्ही रणगाड्यांसमोर उभे राहून त्यांच्या बुरुजांच्या कड्यांकडे लक्ष देऊन बघावे. १९६५ च्या युद्धात असल उत्तर इथे भारतीय सेनेच्या सेंच्युरियननी पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडवला, तो याच प्रशस्त बांध्याचा रणगाडा.

शांततेच्या काळात या वाघिणींचे मोठे गिऱ्हाईक होते विजेचे ट्रान्सफॉर्मर. ब्रिटनमध्ये १९२६ च्या कायद्याने १३२ किलोव्होल्टची राष्ट्रीय ग्रिड उभी राहू लागली, १९५० च्या दशकात २७५ आणि पुढच्या दशकात ४०० किलोव्होल्ट आले. दाब वाढला की ट्रान्सफॉर्मर वाढतो. तेल काढून, वरचे दांडे आणि बाजूचे शीतक सुटे करून उरलेला गाभाच वाघिणीवर चढवत. तोही जड झाला तेव्हा तळच काढून टाकला: बाजूला दोन तुळया आणि त्यांच्या मध्ये लटकवलेला माल. खोल तळाच्या वाघिणींना ब्रिटिश रेल्वेत ‘वेलट्रॉल’ म्हणत. हळूहळू हा माल रस्त्यावर गेला. मोठे ट्रेलर आले, आणि १९६० च्या दशकात तर दुबळे पूल ओलांडताना ट्रेलरखाली हवेची उशी फुगवून भार पसरवण्याचाही प्रयोग झाला.

तळ काढून टाकण्याची कल्पना शेवटपर्यंत नेली की मधली वाघीणच नाहीशी होते. वाघिणीचे दोन अर्धे भाग, प्रत्येकाला एक लांब चोच, आणि दोन चोचींच्या मध्ये मालच तुळईसारखा अडकवलेला. याला जर्मन शब्दावरून ‘श्नाबेल’ वाघीण म्हणतात. १९८० मध्ये जर्मनीच्या क्रुप कंपनीने अमेरिकेतल्या कंबशन इंजिनिअरिंगसाठी ३६ आसांची अशी वाघीण बांधली. रिकामी असताना सुमारे ७० मीटर लांब, माल वाहायची क्षमता सुमारे ९०० अमेरिकी टन. अडथळा आला की चालक द्रवदाबाच्या यंत्रणेने माल सुमारे एक मीटर बाजूला किंवा वर सरकवू शकतो. तिच्यावर अणुभट्ट्यांची भांडी गेली.

१९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा दहा लाखांहून अधिक वाघिणी सरकारकडे आल्या. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. इंजिन वाचवायला लोक वर्गणी काढत; डिडकॉटचा संग्रह सांभाळणारी ग्रेट वेस्टर्न सोसायटीसुद्धा १९६१ मध्ये काही शाळकरी मुलांनी एक इंजिन वाचवावे म्हणून सुरू झाली. वाघिणीसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नसे. अवजड वाघिणी थोड्या जास्त वाचल्या, कारण त्या कामाच्या राहिल्या: रेल्वेची स्वतःची यंत्रे, क्रेनचे भाग, दुरुस्तीला निघालेले बॉयलर कुणीतरी वाहायलाच हवे होते. जतन करणाऱ्यांपुढे आता प्रश्न आहे तो पोलादाचा. पाणी वळशाच्या सांध्यात साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणजे नेमका जिथे सगळा भार येतो तिथे. त्यामुळे रंग देऊन प्रदर्शनात ठेवणे सोपे, पुन्हा वजन लादायचे तर प्रत्येक रिव्हेट तपासावा लागतो. ही मेहनत घेणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि त्यांचे ऋण मोठे आहे.

खोल पोटाची कल्पना मात्र संग्रहालयात गेलेली नाही. अमेरिकेत एकावर एक दोन कंटेनर ठेवून धावणाऱ्या गाड्यांना खोल तळाच्याच वाघिणी लागतात. आपल्याकडे न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे येणाऱ्या पश्चिम मालवाहतूक मार्गावर दुमजली कंटेनर सपाट वाघिणींवरून जातात. तिथे वाघीण खाली वाकवली नाही. विजेची तारच रुळांपासून साडेसात मीटरच्या आसपास उंच नेली, आणि हरियाणात सोहन्याजवळचा सुमारे एक किलोमीटरचा बोगदा आधी मालाचे माप घेऊन मग खोदला.